आवक क्रमांक ३१८

स्टॉकहोम, २४ ऑगस्ट १९९२

प्रिय एव्हर्ट,

सुखरूप पोचलो. कोटाला अजून तुमच्या आंबवलेल्या हेरिंगचा वास आहे. आगगाडीत समोर बसलेली बाई दोन स्थानकांनंतर काहीतरी पुटपुटत दुसऱ्या डब्यात गेली. बिरगितला सांग, बत्तीस वर्षं राजधानीत काढूनही तिचा भाऊ मासळीचा दुसरा डबा फोडल्यावर टेबलावरून उठला नाही, एवढं तरी माझ्या नावावर जमा धर.

तिथे सांगायचं राहून गेलं ते आता लिहितो. खात्यानं एक अभ्यास समिती नेमली आहे आणि तिचा सचिव मी आहे. विषयाचं नाव इतकं लांब, की अध्यक्षबाईंनाही कागद बघून वाचावं लागतं. थोडक्यात असं, की संशोधनावर चालणाऱ्या आपल्या निर्यात उद्योगांना देशात कोणती आर्थिक धोरणं हवीत. मोठ्या कंपन्यांची निवेदनं येऊन पडली आहेत. गुळगुळीत कागद, रंगीत आलेख, आणि आत वाचावं असं काही नाही. मला तुझ्यासारख्याचं म्हणणं हवं आहे. तू सरकारला भीत नाहीस आणि मेव्हण्याची भीड ठेवत नाहीस. जेवणाच्या टेबलावर बोलतोस तसंच लिही. घरच्या पत्त्यावर पाठव, म्हणजे निवांत वाचीन.

तुझा
सिक्स्टन


नूरफॉर्स, ११ सप्टेंबर १९९२

प्रिय सिक्स्टन,

लिही म्हणालास, लिहितो. मी शाळा सोडली सातवीत आणि पहिली नोकरी लाकडाच्या गिरणीत विजेच्या तारा ओढायची, तेव्हा तुमच्या समितीला शोभेल अशी भाषा मिळणार नाही.

कागदाच्या गिरणीत कागद आगगाडीच्या वेगानं धावतो, हे तू पाहिलं आहेस. त्यात ओल किती आहे हे त्याला न शिवता सांगणारा डोळा आमच्या प्रयोगशाळेतल्या डीसानं बनवला. लोकांना वाटतं, शास्त्रज्ञाच्या डोक्यात दिवा पेटतो आणि दुसऱ्या दिवशी माल बोटीवर चढतो. आम्हाला सात वर्षं लागली. या सात वर्षांत सरकारनं आमच्यासारख्यांसाठी तीनदा योजना काढली आणि तीनदा गुंडाळली. तिसरी तर ऑफिसातली माय-लिस अर्ज टंकत होती तेवढ्यातच गेली. बिचारी दुसऱ्या पानावर होती. मी नवं यंत्र घेतलं तर ते ताळेबंदात दिसतं, बँकवाला त्यावर हात फिरवून बघतो. डीसा त्या सातातली सहा वर्षं खिडकीतून खाडीकडे बघत डोकं खाजवते, ते कुठल्या रकान्यात घालू? आणि खरा माल तर तोच आहे.

आता चलनाचं. आपला क्रोना जर्मन मार्काला बरोबरी दाखवत ताठ उभा आहे. फार अभिमानाची गोष्ट आहे म्हणतात. या मंगळवारी फिनलंडनं आपलं चलन मोकळं सोडलं आणि ते धाडकन पडलं. गुरुवारी तिथल्या आमच्या प्रतिस्पर्ध्यानं, आम्ही जिच्या ऑर्डरची वाट बघतोय त्या कॅनडाच्या गिरणीला नवा भाव कळवला. त्याचा डोळा आमच्याहून मंद आहे, कागद जाड झाला की त्याला दिसेनासं होतं. पण मंद डोळा एवढा स्वस्त मिळत असेल, तर गिरणीवाला म्हणतो, दिसतंय तेवढं पुरे.

दुसऱ्या पानावरचं हे फक्त तुझ्यासाठी. डीसा दुसरा डोळा बनवते आहे, ओल आणि जाडी एकदम मोजणारा. तिला अजून वर्ष हवं आहे. कॅनडाची ऑर्डर आली तर वर्ष काय, तीन काढू. नाही आली तर आम्ही नाताळपर्यंत टिकतो, पुढे नाही. एका जर्मन कंपनीचा दोनदा फोन येऊन गेला. त्यांना पेटंटं हवी आहेत, आणि पेटंटं गेली की वरच्या माडीवरची प्रयोगशाळाही त्यांच्या गावी जाणार. खाली अठ्ठावीस माणसं आहेत, वर सात. पण त्या सातांमुळेच खालचे अठ्ठावीस आहेत. हे बिरगितला ठाऊक नाही. तिला वाटतं, मी कमी जेवतो ते वजनासाठी.

तुझा
एव्हर्ट


स्टॉकहोम, १८ सप्टेंबर १९९२

प्रिय एव्हर्ट,

घाईत आहे. बुधवारी मध्यवर्ती बँकेनं व्याजाचा दर पाचशे टक्क्यांवर नेला, हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. आमच्या मजल्यावर झाडणाऱ्या बाईनं विचारलं, एखादं शून्य जास्त पडलंय का. कोणी हसलं नाही. सगळे क्रोना वाचवायला धावताहेत, आणि मी अहवालाची प्रकरणं लावतो आहे.

तुझं पत्र मिळालं. इतकं नेमकं कुणीच लिहिलेलं नाही. ते योग्य जागी आहे.

बिरगितला माझा नमस्कार.

सिक्स्टन


नूरफॉर्स, ५ ऑक्टोबर १९९२

प्रिय सिक्स्टन,

गुरुवारचा आमचा पेपर सोबत पाठवतो आहे. पहिल्या पानावर माझा फोटो आहे, पाच वर्षांपूर्वीचा, त्यात केस आहेत. मथळा असा: ‘नाताळपर्यंत टिकतो, पुढे नाही.’ अवतरण चिन्हांत. माझे शब्द, माझंच दुसरं पान.

इथला वार्ताहर दर आठवड्याला राजधानीतल्या खात्यांच्या आवक-नोंदी चाळतो. आपल्या भागाचं नाव दिसलं की प्रत मागवतो. त्याला दोष देत नाही. खात्यात आलेला कागद कुणीही मागावा असा आपला कायदाच आहे, आणि नगरपालिकेनं रस्त्याचं काम कुणाला दिलं ते मीही असंच कागद मागवून शोधून काढलं होतं. तेव्हा मला हा कायदा फार गोड वाटला होता.

चूक माझ्या ऑफिसात झाली. मी माय-लिसला म्हटलं, सिक्स्टनला पाठव, आणि तिनं सवयीनं खात्याचा पत्ता टंकला असणार. आठवत नाही म्हणते. मी तिला चारचौघांत, कॉफीच्या सुट्टीत, नको ते बोललो. एकवीस वर्षांची बाई कपबशी तशीच ठेवून उठली. म्हणजे एकवीस वर्षं आमच्याकडे असलेली. वाक्यंसुद्धा धड येत नाहीत सध्या.

बिरगितला बातमी केस कापणाऱ्या बाईकडून कळली. घरी येऊन तिनं माझ्या ताटात दुप्पट बटाटे वाढले. कॅनडाच्या दलालाचाही फोन आला. नाताळनंतर तुम्हीच नसाल तर सुटे भाग कुणाकडे मागायचे, असं त्यानं विचारलं. अगदी सभ्यपणे. ऑर्डर तूर्त थांबवली आहे. जर्मनांनीही फोन केला. आता तेही सभ्य झालेत आणि त्यांचा आकडा खाली आला आहे.

एव्हर्ट


स्टॉकहोम, ९ ऑक्टोबर १९९२

प्रिय एव्हर्ट,

पेपर वाचला. अशा गोष्टी होतात. माय-लिसला फार बोलू नकोस. इतक्या वर्षांत बाईच्या हातून एक पत्ता चुकला, तर तेवढं सोडून द्यावं.

इथे सरकार आणि विरोधक एका टेबलावर बसून दुसऱ्यांदा काटकसरीची योजना ठरवून उठले. मालकांवरचे कर थोडे उतरतील. तुला त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

सिक्स्टन


नूरफॉर्स, २७ ऑक्टोबर १९९२

प्रिय सिक्स्टन,

मागे राजधानीत येऊन गेलो, जर्मनांना भेटायला. हॉटेलात बैठक झाली. मधे तीन तास मोकळे होते, पण तुझ्याकडे यायला जमलं नाही.

माणसं वाईट नाहीत. म्हातारा मालक माझ्यासारखाच, खालून वर आलेला. त्यानं डोळा स्वतः हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. खालचा कारखाना दोन वर्षं हलवणार नाही, असं लिहून द्यायला तयार आहे. माडीबद्दल मात्र काही लिहून देत नाही. दहा नोव्हेंबरपर्यंत सही हवी म्हणतो.

इकडे कॅनडाचा दलाल पुन्हा बोलायला लागला आहे. त्याच्या गिरणीत फिनलंडचा डोळा लावून बघितला आणि कागदाचे आठ रोल वाया गेले. तो म्हणतो, तुमचा भाव फिनलंडच्या जवळ आला तर आत्ता घेतो. माझा भाव माझ्या हातात नाही, क्रोनाच्या हातात आहे. क्रोना या हिवाळ्यात पडणार असेल, तर मी जर्मनाला कॉफी पाजून परत पाठवतो, बँकेपुढे टोपी काढून उभा राहतो, आणि डीसाला तिचं वर्ष मिळतं. क्रोना टिकणार असेल, तर हट्ट धरून बसण्यात पस्तीस घरांचं नुकसान आहे. त्यापेक्षा दोन वर्षं तरी अठ्ठावीस घरं चालू राहतील.

तेव्हा तुला एकच विचारतो. क्रोना टिकेल का? दोन शब्दांत लिही. मला आतली गुपितं नकोत. तुला काय वाटतं तेवढंच हवं आहे.

या वेळी पाकिटावर पत्ता मी स्वतःच्या हातानं लिहिला आहे, तुझ्या घरचा. माय-लिसला मी केक आणून दिला, बदामाचा, आणि सगळ्यांसमोर माफी मागितली.

एव्हर्ट


स्टॉकहोम, २ नोव्हेंबर १९९२

विषय: आपले दि. २७ ऑक्टोबरचे पत्र (आवक क्र. ३९४)

महोदय,

आपले उपरोक्त पत्र पोचले. आपण उपस्थित केलेल्या प्रश्नासंदर्भात कळविण्यात येते की, स्थिर विनिमय दर हा देशाच्या आर्थिक धोरणाचा पाया असून त्यात बदल करण्याचा कोणताही विचार नाही. क्रोनाचे मूल्य कायम राखले जाईल. उद्योगांनी आपले नियोजन त्यानुसार करावे.

समितीच्या कामात आपण दाखविलेल्या आस्थेबद्दल आभार.

सिक्स्टन आल्मलफ
सचिव


नूरफॉर्स, ११ नोव्हेंबर १९९२

प्रिय सिक्स्टन,

तुझं पत्र मिळालं. तू मला ‘महोदय’ म्हणालास, ‘आपण’ म्हणालास. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बिरगितनं विचारलं, हे कुणाचं पत्र. मी म्हटलं, सरकारचं.

मी काल सही केली. कारखान्यातच केली, खालच्या मजल्यावर, सगळ्यांच्या समोर. मला हॉटेलात करायची नव्हती. म्हाताऱ्या जर्मनानं प्रत्येकाशी हस्तांदोलन केलं. वेलची घातलेल्या गोड पावांचं ताट फिरलं. नऊ जणांनी पाव हातात घेऊन तसाच परत ठेवला. मी मोजले, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

डीसा शेवटपर्यंत माडीवरून खाली आली नाही. मग मीच वर गेलो. ती पाठमोरी बसून काहीतरी जोडत होती. म्हणाली, “दुसरा डोळा अजून उघडलेला नाही. झोपेतच उचलून नेणार का त्याला?”

मी म्हटलं, क्रोना पडणार नाही, डीसा. मला खात्रीच्या माणसाकडून लेखी उत्तर आलं आहे.

ती म्हणाली, मग ठीक आहे. आणि हातातलं काम करत राहिली.

एव्हर्ट


स्टॉकहोम, २० नोव्हेंबर १९९२

प्रिय एव्हर्ट,

काल दुपारी क्रोना मोकळा सोडला. तुला कळलं असेलच.

मला फोन करवत नाही.

सिक्स्टन


स्टॉकहोम, ७ फेब्रुवारी १९९३

प्रिय एव्हर्ट,

जवळजवळ तीन महिने तुझं पत्र नाही. नाताळात फोन केला तेव्हा बिरगित म्हणाली, तू बोटीच्या शेडमध्ये आहेस. उणे अठरा तापमानात बोटीचं काय करतोस, असं मी विचारलं नाही.

तुला एक सांगायचं आहे. ते ऑक्टोबरातच सांगायला हवं होतं.

माय-लिसनं पत्ता चुकवला नव्हता. तुझं पहिलं पत्र माझ्या घरीच आलं होतं. आलं त्याच सोमवारी ते पिशवीत घालून मी ऑफिसात नेलं आणि आवक विभागात स्वतःच्या हातानं दिलं. समितीच्या विषयावरचं पत्र सचिवाच्या घरच्या दारातून आलं तरी ते खात्याचंच, असा कायदा आहे. बत्तीस वर्षांत मी एकही कागद घरी ठेवलेला नाही. मेव्हण्याचा पहिला ठेवला असता, तर उरलेल्या सगळ्यांना काय अर्थ राहिला असता?

पण खरं तेवढंच नाही. दुसरं पान धंद्याचं गुपित म्हणून झाकता आलं असतं. त्यासाठी तुला एक फोन करून विचारावं लागलं असतं. त्याच आठवड्यात इथे व्याजदराची आग लागली होती, आणि मी म्हटलं, नंतर बघू. नंतर तुझा पेपर आला. तू माय-लिसवर खापर फोडलंस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिला फार बोलू नकोस, असं मी लिहिलं. ते वाक्य मला अजून डसतं.

दुसऱ्या पत्राचंही तेच. तू घरी पाठवलंस, मी ते नोंदवलं. नोंदवलेल्या पत्राचं उत्तरही नोंदवलेलं असतं, आणि नोंदवलेल्या उत्तरात सरकारी धोरणापलीकडे काही लिहिता येत नाही. मला काय वाटत होतं म्हणून विचारशील. मला वाटत होतं, टिकणार नाही. आमच्या जेवणाच्या रांगेत टिकेल म्हणणारा एकही उरला नव्हता. पण ते मला ठाऊक नव्हतं, नुसतं वाटत होतं, आणि वाटण्यावर शिक्का मारता येत नाही.

तू रागावून चार ओळी लिहिल्यास तरी मला बरं वाटेल.

सिक्स्टन


नूरफॉर्स, १९ मे १९९३

प्रिय सिक्स्टन,

तुमचा अहवाल पोस्टानं आला. दोनशे चाळीस पानं, जाड पुठ्ठा, निळा. रविवारी बसून सगळा वाचला. चांगला झाला आहे, खरंच. सत्त्याऐंशीव्या पानावर मीही आहे: ‘एका लहान उद्योजकाच्या मते संशोधनाला लागणारा वेळ हाच खरा माल होय.’ ‘होय’ माझा नाही, बाकी माझं.

माडी रिकामी झाली. एप्रिलात लाकडी खोके आले आणि तीन जर्मन मुली सगळं कापसात गुंडाळून घेऊन गेल्या, फार काळजीनं. डीसाला त्यांनी चांगला पगार देऊ केला होता. ती दोन आठवडे तिकडे जाऊन त्यांना शिकवून आली आणि परतली. म्हातारी आई आहे तिची. आता शेजारच्या गावी शाळेत विज्ञान शिकवते. दुसरा डोळा तिकडे कुणीतरी उघडेल.

कॅनडाची ऑर्डर जानेवारीत आली. अकरा डोळे. क्रोना पडल्यावर आमच्याइतका स्वस्त आणि चांगला माल जगात कुठे नव्हता. खाली अठ्ठावीस जण जादा पाळी करताहेत. पाटी जर्मनांची लागते, नफाही तिकडे जातो, पण पगार होतात. मी सल्लागार आहे. म्हणजे माझ्यासाठी एक खुर्ची आहे आणि मला कोणी काही विचारत नाही.

आता तुझं फेब्रुवारीचं पत्र. तू सांगितलंस ते मला ऑक्टोबरपासून ठाऊक आहे.

राजधानीतले ते तीन तास मी कुठे होतो माहीत आहे? तुमच्या खात्याच्या आवक विभागात. माय-लिसनं मागाहून आठवून शपथेवर सांगितलं होतं, पत्ता घरचाच होता, आणि ती खोटं बोलत नाही हे मला ऐकताक्षणी कळलं होतं. मी काउंटरवर जाऊन माझंच पत्र मागितलं. बाईनं नाव विचारलं नाही. कायदाच आहे, विचारता येत नाही. तिनं प्रत काढून दिली. वर शिक्का: आवक क्रमांक ३१८, १४ सप्टेंबर, आणि खाली ‘समक्ष दिले’ आणि तुझी बारकी, सरळ सही.

राग आला नाही असं कसं म्हणू. तुझं ऑफिस त्याच इमारतीत वर होतं. जिन्याच्या चार पायऱ्या चढलोही. मग परत फिरलो. स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि चालता चालता स्वतःची समजूत घातली. जो माणूस मेव्हण्याचं पत्र स्वतःच्या हातानं नोंदवतो, त्याच्या तोंडून खोटं निघायचं नाही, असं मी धरलं. सगळ्या देशात एवढा सरळ माणूस मला दुसरा कुठे मिळणार होता? क्रोनाचं त्यालाच विचारायचं, असं मी गाडीत बसतानाच ठरवलं. म्हणून तर माडी विकली, सिक्स्टन. तू मला फसवशील असं वाटलं असतं, तर मी तुझं उत्तर चुलीत घातलं असतं, आणि डीसा आत्ता वर बसून खाडीकडे बघत असती.

तुमच्या अहवालात चौदा शिफारशी आहेत. करांची आहे, विद्यापीठांची आहे, कर्जाच्या हमीची आहे. सगळ्या योग्य. पंधरावी माझी घ्या. सरकारी माणसाला जे ठाऊक नाही, तिथे ‘ठाऊक नाही’ असं लिहायची त्याला मुभा असावी, शिक्क्यासकट. मी तुला दोनच शब्द मागितले होते. हे दोन चालले असते.

हे पत्र मुद्दाम खात्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे. पाकीट माय-लिसनं टंकलं आहे आणि पत्ता तिनं मला तीनदा वाचून दाखवला. याला शिक्का मार. समिती उठली असली तरी फाइल उघडीच असते, हे मी फोनवर विचारून घेतलं आहे. ३१८ आणि ३९४ च्या शेजारी हे लाव, म्हणजे उद्या कुणी काउंटरवर ती दोन मागितली, तर तिसरंही त्याच्या हाती पडेल.

ऑगस्टातल्या तिसऱ्या गुरुवारी मासळीचे डबे उघडू. बिरगित तुझं ताट मांडणार म्हणते. मी काय म्हणतो ते अजून ठरलेलं नाही. एवढी ओळ मात्र घरची आहे; ती तू झाकून ठेवलीस, तर या वेळी मला विचारायची गरज नाही.

एव्हर्ट